टोपी नाही, तर खेळ नाही

‘आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ असे चारचौघांत ऐकवण्याच्या वयाला मी येऊन पोहोचलो आहे. पण उन्हाविषयी मला किती थोडे कळत होते, हे समजायला मेलबर्नच्या एका प्राथमिक शाळेच्या फाटकाशी उभे राहावे लागले.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. नातवाला शाळेतून आणण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. एके दिवशी स्वारी तोंड एवढेसे करून बाहेर आली. टोपी घरी राहिली, म्हणून मधल्या सुटीत सगळे खेळत असताना याला छपराखाली बसावे लागले होते. ‘टोपी नाही, तर खेळ नाही’ असा तिथला नियम.

माझे पित्त खवळले. त्या दिवशी आभाळात विरळ ढग होते, वारा गार होता. असल्या हवेत कसली आली टोपी? तेच मी बाईंना विचारले. बाईंनी शांतपणे सांगितले, “आजोबा, अंगाला ऊब देणारे किरण वेगळे आणि कातडी जाळणारे अतिनील किरण वेगळे. हे दुसरे विरळ ढगांतूनही येतात, आणि गार वाऱ्यात ते जाणवत नाहीत.” त्या किरणांची तीव्रता तिथे रोज आकड्यात जाहीर होते. आकडा ३ किंवा त्याहून अधिक असला की टोपी हवीच.

ऑस्ट्रेलियाला हा धडा महाग पडला आहे. गोऱ्या कातडीची माणसे आणि प्रखर सूर्य! तिथल्या दर तिघांपैकी निदान दोघांना सत्तरीच्या आत त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. म्हणून १९८१ साली दूरदर्शनच्या पडद्यावर ‘सिड’ नावाचा एक सीगल पक्षी नाचत आला आणि त्याने घरोघर सांगितले : सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला. २००७ मध्ये त्यात सावली आणि काळा चष्मा यांची भर पडली. सारा भर मुलांवर, कारण लहानपणी खाल्लेल्या उन्हाची उधारी कातडी पुढे कित्येक वर्षांनी वसूल करते. आज तिथे चाळिशीच्या आतल्या माणसांत मेलानोमा हा त्वचेचा घातक कर्करोग पूर्वीपेक्षा कमी आढळतो.

“पण आपल्या सावळ्या पोराला हे कशाला?” मी लेकीला विचारले. आपल्या कातडीतले रंगद्रव्य ही निसर्गाने दिलेली छत्रीच आहे, आपल्याला हा धोका फार कमी, हे तिने कबूल केले. डोळ्यांना मात्र ऊन सगळ्यांच्याच बाधते, असेही म्हणाली. माझे समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेलो. मैदानावर नुसत्या टोप्या धावत होत्या. कान, मान झाकणाऱ्या रुंद काठाच्या, सगळ्या सारख्या. त्यांतली एक टोपी चेंडूमागे माझ्याजवळ आली, आणि तिच्याखाली मला पांढऱ्याशुभ्र पापण्या दिसल्या. चेंडू घेऊन ते पोर पुन्हा घोळक्यात मिसळले. कोणते ते, मला पुन्हा ओळखता आले नाही.

मला १९६५ सालची आमची पाचवी आठवली.

आमच्या वर्गात असाच एक मुलगा होता. जन्मतःच अंगात रंगद्रव्य नाही. डॉक्टर याला ॲल्बिनिझम म्हणतात. कोड ते निराळे. आम्ही त्याला ‘सायेब’ म्हणायचो. त्याच्या आईने खाकी कापडाची रुंद काठाची टोपी शिवून दिली होती. सबंध शाळेत तशी टोपी त्या एकाचीच. एकदा कवायतीच्या तासाआधी ती हिसकावून मी कौलांवर भिरकावली. सगळे हसले, तोही हसला. पुढे त्याने टोपी घातली नाही. कवायतीला उन्हात तो डोळे मिटून उभा राही.

पस्तिशीत तो मला भेटला, तेव्हा कानाला पट्टी होती. वर्षभर न भरलेली जखम. तो कर्करोग निघाला. चाळिशी काही त्याने पाहिली नाही. एका टोपीने तो वाचला असता असे मी म्हणत नाही. पण ती कौलांवर कोणी टाकली, हे मला ठाऊक आहे.

सर्वांना सक्ती कशाला, याचे उत्तर मला त्या मैदानावर मिळाले. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी असली की ज्याला तिची खरी गरज आहे तो वेगळा दिसत नाही.

आपल्या मुलांना उन्हाची धास्ती घालू नका. थोडे ऊन हाडांना हवेच. पण आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल त्या वेळी कवायती आणि क्रीडास्पर्धा नकोत, एवढे शाळेला जरूर सांगा. वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याला लांब बाह्या, काळा चष्मा आणि उन्हाचे मलम यांची मुभा मिळवून द्या. मलम दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. जखम महिनाभरात भरली नाही तर डॉक्टर गाठा.

आणि या दिवाळीत मुलांना नवे कपडे घ्याल, तेव्हा रुंद काठाची एकेक टोपीही घ्या. आपल्या मुलाला तिची फारशी गरज नसली, तरी घ्या.