जात्यावरचा भीम आणि वायर नसलेले गाणे

संगीताच्या बाजारात सध्या एका शब्दाची मोठी चलती आहे. तो शब्द म्हणजे 'अकूस्टिक'. बँडमध्ये गाणारा, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेला एखादा तरुण कलावंत काही काळासाठी अँप्लिफायर, ड्रम, कीबोर्ड बाजूला ठेवतो, एक साधी गिटार घेतो आणि खोलीत बसून दहा गाणी ध्वनिमुद्रित करतो. मूळ काम चालूच असते. हा त्याचा जोडउद्योग, इंग्रजीत 'साइड प्रोजेक्ट'. मग जाणकार लिहितात की, पाहा, किती प्रामाणिक आवाज! अमेरिकेच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केलेला 'नेब्रास्का' हा अल्बम अशा कामाचा नमुना म्हणून आजही दाखवला जातो. पुढे एमटीव्हीने 'अनप्लग्ड' नावाचा कार्यक्रमच काढला आणि प्लग काढून ठेवणे ही फॅशन झाली.

आम्हाला या संगीताचे वावडे नाही. आमचीही पोरे गिटार वाजवतात, मुंबईच्या 'धम्म विंग्ज'ने रॉकच्या ठेक्यावर बुद्ध-भीम गायले, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. प्रश्न एवढाच की, ज्यांच्या घरात प्लगच नव्हता त्यांच्या गाण्याला काय म्हणायचे?

हा प्रश्न आम्ही बीड जिल्ह्यापुरता विचारतो, कारण त्याचे उत्तर तिथे ध्वनिमुद्रित होऊन पडले आहे. १९९६ च्या एप्रिलमध्ये माजलगावच्या भीमनगरात काही माणसे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आली. पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे प्रचंड काम हाती घेतले होते, त्याचा तो एक टप्पा. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या या प्रकल्पाने जमवल्या, आणि त्यांपैकी सुमारे १२० तासांचे आवाज टेपवर घेतले. भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्यासोबतच्या बाया गायला बसल्या. ना पेटी, ना ढोलकी, ना माईकवर गाण्याची सवय. गळा तेवढा होता.

आणि त्या गायल्या काय? इथे आमच्या वाचकांनी जरा थांबावे. जात्यावरची ओवी ही शेकडो वर्षांची चाल. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्याला, असा तिचा ठरलेला क्रम. पंढरीचा विठ्ठल, राम-सीता, कुलदैवत, मग भाऊ, माहेर, लेक. भीमनगरच्या बायांनी चाल तीच ठेवली, क्रमही तोच ठेवला, आणि देव्हारा रिकामा केला. त्या जागी बुद्ध आला, भीमराव आला, रमाई आली. कोणा पंडिताने त्यांना हे सांगितले नव्हते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला झालेले धम्मचक्र प्रवर्तन या बायांनी पहाटे जाते ओढताना आपल्या घरात पुन्हा एकदा घडवले. बाबासाहेब त्यांच्या ओवीत पुतळा होऊन येत नाहीत. कधी ते बाप असतात, कधी भाऊ, आणि रमाई तर घरातलीच. धर्मांतराचा इतिहास लिहिणाऱ्या किती ग्रंथांत या घडामोडीला एक पान मिळाले?

आमच्या चळवळीलाही इथे आरसा दाखवला पाहिजे. १९३० च्या दशकातले आंबेडकरी जलसे आठवा. भीमराव कर्डकांचा जलसा आम्ही डोक्यावर घेतला, वामनदादांना (१९२२–२००४) आम्ही महाकवी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण मंचावर पुरुष होते. बाई गात होती ती घरात, पहाटेच्या अंधारात. ज्वारी मूठमूठ जात्यात टाकायची, खुंटा ओढायचा, एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. दगडाच्या फेऱ्याला श्वास बांधलेला. गावात पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. जाते गेले म्हणून उसासे टाकणाऱ्या कवींनी पायली-दोन पायली दळून दाखवावे. पण गिरणीबरोबर ते गाणेही घरातून उठले, आणि त्याला दुसरी जागा आम्ही दिली नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ती जागा डीजेने घेतली.

डीजेवर तोंडसुख घेण्याचा आमचा विचार नाही. वर्षभर मान खाली घालून ऊस तोडणाऱ्या, पाच-सहा महिने फडावर काढणाऱ्या बीडच्या तरुणाने १४ एप्रिलला छाती फुटेस्तोवर नाचावे. सवर्ण शेजाऱ्याच्या कानठळ्या बसत असतील तर त्याने स्वतःच्या वरातीही आठवाव्यात. आमची तक्रार वेगळी आहे. त्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून अनेकदा शब्दच ऐकू येत नाहीत, फक्त ठोका ऐकू येतो. ज्या समाजाने शब्दाच्या बळावर गुलामी झुगारली त्याच्या जयंतीत शब्द हरवावा? औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) कडुबाई खरात एका तारेवर गायल्या आणि मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत पोचल्या. लोकांना शब्द ऐकायचे आहेत, याला आणखी कोणता पुरावा हवा?

तेव्हा आमचे म्हणणे असे. माजलगावच्या त्या आवाजांचा एक अल्बम निघाला पाहिजे. त्यावर ठेका चढवू नका, मागे व्हायोलिन लावू नका, दोन ओव्यांमधला बायांचा खोकला किंवा हसणे आले असेल तर तेही राहू द्या. मार्च २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संग्रहाने या ओव्या गायिकांच्या नावा-गावासह लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली, हे मोठे काम झाले. आता तो आवाज आमच्या विहारांत, वसतिगृहांत, जयंतीच्या मांडवात पोचवणे हे आमचे काम आहे, पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांचे नव्हे.

यातली खरी गोम पुढेच आहे. उद्या एखादा होतकरू कलावंत यातली एक ओवी उचलील, गिटारवर मंद सुरात गाईल, आणि खाली लिहील, 'पारंपरिक'. हा शब्द ऐकला की आमच्या कपाळात तिडीक जाते. गाण्याला कवी असला की त्याचे नाव, आणि बाई असली की परंपरा! जमीन 'गायरान' म्हणायची आणि मग कोणीही कुंपण घालायचे, त्यातलाच हा प्रकार. ओवीची चाल परंपरेची आहे, मान्य. पण जात्यावर भीमरायाला बसवणारी बाई परंपरा नव्हती, ती परंपरेच्या विरोधात बसली होती.

आणि हा केवळ भावनेचा मामला नाही, कायद्याचाही आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला. १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याला आपले नाव लावून घेण्याचा हक्क आणि व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा वाटा मिळाला. म्हणजे १९९६ साली भीमनगरात झालेल्या त्या गायनाचा हक्क २०४६ सालाच्या अखेरपर्यंत त्या बायांचा आहे, त्या नसतील तर त्यांच्या वारसांचा. हे गणित माजलगावच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? कॅसेटच्या जमान्यात एकदाच पैसे हातावर टेकवून आयुष्यभराचा आवाज विकत घेतल्याच्या तक्रारी आमच्या जुन्या गायकांनी कितीदा तरी ऐकवल्या आहेत. तेच पुन्हा घडू द्यायचे का?

बीडच्या आमच्या तरुण संगीतकारांना आम्ही विनंती करतो. लॅपटॉप आणि माईक घेऊन भीमनगरात जरूर जा, पण पहिल्या फेरीत ते घरीच ठेवा. वही-पेन न्या. त्या दिवशी गायलेल्या बायांपैकी कोण हयात आहेत, कोणाची लेक-सून कुठे नांदते आहे, कोणाला अजून किती ओव्या येतात, हे लिहून आणा. एखादीने म्हटले, की मला हे विकायचे नाही, तर तेही लिहा आणि तिची ओवी अल्बममधून वगळा. ही यादी तयार झाली की संग्रह सांभाळणाऱ्यांशी बोलणी करता येतील, आणि अल्बमच्या वेष्टनावर पहिले नाव कोणाचे छापायचे हेही तेव्हाच ठरेल.