उमेदवारी कागदावर आली पाहिजे

शहागडला हमरस्त्याच्या कडेने गॅरेजवाले, वेल्डिंगची दुकाने, पंक्चरवाले, मोटार रिवाइंडिंगवाले बसतात. त्यांतल्या बऱ्याच दुकानांत एखादा पोरगा असतो. शाळा सुटलेली, हात ग्रीसने काळे, आणि उस्तादाने हाक मारली की बारा-तेराचा पाना नेऊन द्यायचा. दोन-तीन वर्षांत तोच पोरगा एकट्याने इंजिन उतरवू लागतो. पण त्याला विचारा, "तू काय करतोस?" तर तो म्हणतो, "गॅरेजवर असतो." मेकॅनिक म्हणवून घ्यायला त्याच्याजवळ कागद नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जागा निघाली, तर अर्जात काय लिहावे, हा त्याच्यापुढे प्रश्न.

या पोराच्या घामाची नोंद झाली पाहिजे, एवढेच आज आम्हाला मांडायचे आहे. नोंद नसली की काय होते, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी मुंबईत भोगले. कापड गिरण्यांत जास्त पगाराचे खाते म्हणजे साचेखाते. तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात कांडी घातल्यावर धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचा म्हणे विटाळ होई! साच्यावरचे काम भाऊ भावाला, मामा भाच्याला शेजारी उभा करून शिकवी. शेजारी उभे राहू दिले नाही, तर हुन्नर येणार कुठून? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. पुढे व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ च्या ऑक्टोबरात सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी तांत्रिक शिक्षणाचा मुद्दा घेतला, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना उमेदवारी मिळावी असे सुचवले. वकिली, मास्तरकी याबरोबर पाना-हातोडीचाही विचार त्यांनी केला होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

स्वतंत्र भारतात १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला. कारखान्याने ठराविक संख्येने उमेदवार घ्यायचे, त्यांच्याशी लेखी करार करायचा, तो सरकारदरबारी नोंदवायचा, विद्यावेतन द्यायचे आणि शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळायचे, असा त्याचा सांगाडा. १९७३ च्या दुरुस्तीने ३-अ कलम आले आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. पण केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान मिळाले ते १९९० साली. म्हणजे दार उघडल्यावरही सतरा वर्षे, कागदावर स्वतःला बौद्ध लिहिणारा मुलगा उंबरठ्याबाहेरच. आणि राखीव जागेला उमेदवार मिळाला नाही, तर ती दुसऱ्याला देण्याची सोयही आहे. तेव्हा जागा आहे हे घरी कळलेच नाही, तर ती गेली हेही कळत नाही.

२०१९ च्या नियमदुरुस्तीने तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक झाले. प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्यात ठेकेदाराकडची माणसेही मोजायची. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्याने निदान पाच मुले घेतलीच पाहिजेत. जालन्यात लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, आपल्या अंबड तालुक्यातच साखर कारखाना आहे. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता दंडाचा हिशेब पाहा. २०१४ च्या दुरुस्तीने या कायद्यातली कैदेची शिक्षा काढली. उमेदवार कमी घेतले, तर एका कमी उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि पुढे दरमहा १,००० रुपये दंड ठरला. वर्षाचे झाले १०,५००. उलट आयटीआय झालेला मुलगा घेतला, तर २०१९ च्या दराने किमान ७,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला ८४,०००. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतला सरकारचा वाटा, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, वजा केला तरी ६६,००० राहतात. कायदा पाळण्यापेक्षा मोडणे स्वस्त, असा हा कायदा! घरात चार पैसे मोजून खर्च करणाऱ्या आमच्या मायबहिणींना यातली गोम कोणी समजावून सांगायला नको. दंड विद्यावेतनाच्या दुप्पट करा, ही आमची पहिली मागणी.

दुसरे दुखणे उमेदवारी संपल्यावरचे. नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बाकी सारे समान असेल तर शिकून तयार झालेल्या उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा पसंती द्यावी. पण 'बाकी सारे समान' या तीन शब्दांत पुष्कळ काही बुडते. २० मार्च २०१८ रोजी रेल्वेत उमेदवारी केलेली मुले दादर-माटुंग्याच्या दरम्यान रुळांवर बसली, ती याच दुखण्यापायी. त्यांना खालच्या श्रेणीच्या भरतीत वीस टक्के राखीव जागा होत्या, त्या अपुऱ्या वाटत होत्या. मुंबईकरांचे हाल झाले हे खरे. पण ती मुले शिकून, परीक्षा देऊन मोकळी बसलेली होती, हेही ध्यानात घ्यावे.

आणि मग आपल्या शहागडचा पोरगा. चार ते एकोणतीस माणसांच्या दुकानाने हवे तर उमेदवार घ्यावा, अशी मुभा आहे. उस्ताद आणि एक पोरगा, एवढेच दुकान असेल तर ते कायद्याच्या हिशेबात धरलेलेच नाही. जर्मनीत लहान कारागिराच्या दुकानातसुद्धा मुलगा रीतसर करारावर शिकतो. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस काम, आणि तीन-साडेतीन वर्षांनी परीक्षा. ही परीक्षा त्याचा मालक घेत नाही, त्या धंद्याचे मंडळ घेते. १९६९ पासून तिथे यासाठी देशभर एक कायदा आहे. आपल्या कायद्यातही अनेक मालकांनी मिळून प्रशिक्षण देण्याची वाट आहे. मग हमरस्त्यावरची दहा गॅरेजे मिळून एक आस्थापना का धरू नये? तालुक्याच्या आयटीआयने आठवड्यातून एक दिवस या पोरांना मोजमाप आणि नकाशा वाचणे शिकवावे, बाकीचे उस्ताद शिकवतोच आहे. मुलीही यात याव्यात. मोटार रिवाइंडिंगला बारीक बोटे आणि चिकाटी लागते. शिवणयंत्रापलीकडे मुलीला काही जमत नाही, हा समज कुणी पसरवला कोण जाणे.

आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा आयटीआय करून एका कारखान्यात 'शिकाऊ' म्हणून लागला. वर्षभर त्याने माल उचलला. करार ठेकेदाराच्या खिशात, नोंदणी कुठेच नाही. वर्ष संपल्यावर परीक्षेचा अर्ज भरायला गेला, तेव्हा त्याला कळले की तो उमेदवार नव्हताच. आई म्हणाली, "वर्ष गेलं ते गेलं, अनुभव तरी आला का?" तोही नीट आला नव्हता.

म्हणून घरातले मूल कामाला लावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी करारनोंदणीचा क्रमांक मागून घ्यावा. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल, तर करारावर पालकाची सही लागते, तेव्हा विचारायची संधी आपोआपच मिळते. करारात कोणता धंदा शिकवणार, किती महिने आणि विद्यावेतन किती, हे लिहिलेले असते. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यावर येऊ लागला आहे, तेव्हा बँकेचे खाते मुलाच्याच नावाचे असावे. कामावर दुखापत झाली, तर भरपाईचा हक्क उमेदवारालाही आहे. काही अडले, तर जिल्ह्याच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन शिकाऊ उमेदवारीचे काम कोण पाहते ते विचारावे, आणि जाताना जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचे पुस्तक बरोबर न्यावे, म्हणजे शहागडहून दुसरी खेप पडणार नाही.