परसातील हौद व रंगीत मासे

परसातील हौदात रंगीत मासे पाळण्याची हौस मोठी निर्मळ आहे. परंतु सजीवाची हौस करणाऱ्यावर काही कर्तव्येही येतात, असे आम्हांस वाटते.

गोल्डफिश मूळचा चीनचा. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तेथे साध्या करड्या माशांतून निवडून निवडून हा सोनेरी वाण सिद्ध झाला. कोई जपानचा. नीगाता प्रांतातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या कार्प माशांतून तो निपजविला. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात त्याची कीर्ती झाली.

विकत आणताना बोटाएवढा असलेला कोई पुढे दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याच्या कल्ल्यांतून व मलातून सुटणारा अमोनिया लहान हौदात साठून त्यालाच घातक ठरतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही बाधते. मग हौद अपुरा पडला, की काही मंडळी दयाबुद्धीने मासे तळ्यात सोडतात. परंतु हे मासे गाळ उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती उपटतात व इतर माशांची अंडी खातात. आपल्या बेलूरहून धारवाडचे केलगेरी वा हुबळीचे उणकल तळे दूर नाही. तेथील देशी माशांवर व त्यांवर जगणाऱ्या बगळ्या-खंड्यांवर हे संकट का आणावे?

विद्यार्थिमित्रहो, हौद खोल व सावलीचा असून पाणी गाळण्याची सोय असेल, तरच कोई आणावा. एरवी दोन-चार गोल्डफिश पुरेत. तेही सांभाळणे अशक्य झाल्यास जाणत्या हौशी माणसाच्या स्वाधीन करावेत. तळ्यात मात्र कदापि सोडू नयेत.