किती झोपू, की कधी उठू?

'स्लीप' या फंक्शनबद्दल माझं एक ठाम मत झालंय, ते आज लिहून टाकते. रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्याने थ्रेडला "किती वेळ झोपणार?" असं विचारू नये, "किती वाजता उठणार?" असं विचारावं. पहिला प्रश्न विचारायचाच झाला तर दुय्यम म्हणून.

बी.ए. मराठीवाल्या बाईने यात नाक का खुपसावं, असं आमचे काही नातलग म्हणतीलच! नात एम्बेडेड सिस्टिम्स शिकतेय आणि तिच्या वह्या वाचायची मला खोड आहे. शिवाय विषय शेवटी वेळ पाळण्याचा, आणि शाळेत आयुष्यभर दुसरं केलं काय?

आधी थोडी पार्श्वभूमी. वॉशिंग मशीन, गाडीचे ब्रेक, दवाखान्यातला औषध सोडणारा पंप यांच्या पोटात एक लहानसा प्रोसेसर असतो. कामं अनेक, प्रोसेसर बहुधा एकच. प्रत्येक कामाचा एक थ्रेड, प्रत्येकाला अग्रक्रम दिलेला. तयार असलेल्यांपैकी ज्याचा अग्रक्रम वरचा, त्याच्या हाती प्रोसेसर. नियम एवढा कडक.

आता एखाद्या थ्रेडला थांबायचं असेल तर? सगळ्यात भाबडा उपाय म्हणजे घड्याळाकडे बघत बसायचं. "झाली का वेळ? झाली का वेळ?" फळ्यापाशी उभं राहून एखादं मूल सतत हेच विचारत राहिलं, तर दुसऱ्या कुणाला फळा मिळेल का? त्यात हे मूल वरच्या अग्रक्रमाचं असेल तर खालच्यांची पाळी येतच नाही. स्टॅनफर्डला शिकवण्यासाठी तयार केलेली पिंटोस नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यात विद्यार्थ्यांना पहिल्याच प्रकल्पात अशी घड्याळ बघत बसणारी स्लीप काढून नीट झोपणारी लिहायला लावतात. मला हे फार आवडलं. मास्तर लोक शहाणे आहेत.

नीट झोपणं म्हणजे काय, तर ते आपल्या शाळेच्या घंटेसारखं. टायमर ठरावीक अंतराने टोल देतो, त्याला 'टिक' म्हणतात. सेकंदाला १०० किंवा १००० टिक हे नेहमीचे आकडे. झोपायला निघालेला थ्रेड आताचा टिक बघतो, त्यात हवे तेवढे टिक मिळवतो आणि उठायची वेळ लिहून ठेवतो. मग त्याचं नाव तयार असलेल्यांच्या यादीतून काढून झोपलेल्यांच्या यादीत घालतात, तेही लवकर उठणारा पुढे अशा क्रमाने. ही अदलाबदल चालू असताना मध्येच टोल पडून यादी विस्कटू नये म्हणून तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवतात. यादी क्रमाने असल्यामुळे प्रत्येक टोलाला फक्त पहिलं नाव बघायचं. त्याची वेळ झाली नसेल तर मागच्या कुणाचीच झालेली नसते. आणि सगळेच झोपले तर 'आयडल' थ्रेड चालतो. तो प्रोसेसरलाही डुलकी घेऊ देऊ शकतो, म्हणजे बॅटरी वाचते.

इथवर सगळं छान. आता माझ्या तक्रारीकडे येते.

समजा औषधाच्या पंपाची मोटर दर १० मिलिसेकंदांनी एक पाऊल पुढे सरकवायची आहे. थ्रेड पाऊल टाकतो आणि म्हणतो, "मी १० मिलिसेकंद झोपतो." पण पाऊल टाकण्याचा हिशोब करायलाच ३ मिलिसेकंद गेले. म्हणजे दर फेरी १० ची नाही, १३ ची झाली! सेकंदाला १०० पावलं हवी होती, पडली ७६-७७. कुठेही बिघाड नाही, कुठला दिवा लाल नाही, आणि रोग्याला औषध मात्र पाऊण भागाच्या आसपास. शाळेत प्रत्येक शिक्षकाने "माझा तास संपल्यावर पाच मिनिटांनी पुढचा" असं धोरण ठेवलं असतं, तर शेवटचा तास दिवेलागणीला भरला असता. म्हणून तर वेळापत्रक भिंतीवर असतं.

यावर कुणी म्हणेल, मग वजाबाकी करून उरलेले ७ च झोपावं. नाही चालत! वजाबाकी करणं आणि झोपणं यांच्यामध्ये वरच्या अग्रक्रमाचा कुणीतरी येऊन प्रोसेसर घेऊन जातो, आणि परत येईपर्यंत तो ७ शिळा झालेला असतो. "अमुक टिकला उठव" हे ऑपरेटिंग सिस्टिमलाच सांगावं लागतं.

मोठ्या लोकांना हे ठाऊक आहेच. एडा या भाषेत १९८३ साली नुसता 'डिले' होता, १९९५ च्या आवृत्तीत 'डिले अनटिल' आला. फ्रीआरटीओएसमध्ये दोन्ही सोयी आहेत, पॉझिक्सच्या क्लॉक नॅनोस्लीपमध्येही. पण नवशिक्याला आधी सापडते ती "इतका वेळ झोप" वाली, कारण ती सोपी. माझा आक्षेप या क्रमालाच आहे.

आणखी एक हरकत येते: टिकचा आकडा भरून परत शून्यावर आला तर? ३२ बिटांचा आकडा सेकंदाला १००० टिकने ४९.७ दिवसांत भरतो, हे खरं. पण पहिल्या पद्धतीतही आत उठायची वेळच लिहिलेली असते, तेव्हा ही डोकेदुखी दोघींची सारखीच. फ्रीआरटीओएस त्यासाठी झोपलेल्यांच्या दोन याद्या ठेवते, एक या फेरीची आणि एक आकडा उलटल्यानंतरची.

न्यायाने हेही सांगायला हवं की "किती वेळ" ला स्वतःची जागा आहे. जुन्या अक्षरी एलसीडीला वीज दिल्यावर निदान १५ मिलिसेकंद थांबावं लागतं. तिथे किमान अंतर राखायचंय, वेळापत्रक नाही. जास्त झालं तरी बिघडत नाही. आणि झोपेचं वचन तसंही 'निदान इतकं' एवढंच असतं. उठल्यावर वरच्या अग्रक्रमाचा कुणी काम करत असेल तर रांगेत थांबणं आलंच.

'कधी उठू' मध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. उठायची वेळ आधीच टळून गेली असेल, तर फंक्शन झोपू न देता लगेच परत येतं, आणि ते नीट लिहिलेलं असेल तर "तुला उशीर झालाय" असं सांगतंही. 'किती झोपू' ला उशीर कळतच नाही, कारण कधी पोचायचं होतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पंपाच्या बाबतीत तो उशीर कळायलाच हवा, निदान भोंगा तरी वाजेल.

असो. प्रत्यक्ष या क्षेत्रात काम करणाऱ्यांचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. वाद घालायला मी अजून जागी आहे!