हाका

परवा घरच्या ग्रुपवर भाच्याने येऊरच्या जंगलातला एक फोटो टाकला. पाणवठ्यावर सांबराची मादी, कान टवकारलेले, शेपटी वर, अंतर फार तर दहा पावलं! खाली टाळ्यांचा पाऊस. मुलुंडच्या मावशीने लिहिलं, "अगदी अप्पांवर गेलास रे!"

अप्पा म्हणजे माझे आजोबा. एके काळी शिकार करायचे. मावशीने कौतुक केलं खरं, पण ते मला आरोपासारखं वाटलं. का, ते सांगतो.

सांबर दिवसा डोंगरउतारावरच्या दाट झाडीत बसून राहतं आणि तिन्हीसांजेला पाण्यावर, चरायला खाली उतरतं. नाक आणि कान विलक्षण तिखट. म्हणून शिकारी वारा तोंडावर घेऊन जायचा. उन्हाळ्यात पानगळीमुळे पाऊल वाजतं, मग चालण्यापेक्षा पाणवठ्यावर मचाण बांधून बसायचा. नाहीतर हाका घालायचा. माणसं वरून आरडाओरडा करत यायची, जनावर खाली पळायचं आणि खाली बंदूक तयार!

आता भाच्याने स्वतःच लिहिलेलं वाचा: "दोघं मित्र वरून आवाज करत आले म्हणून ती खाली उतरली." अरे, हा हाकाच की! फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा.

तुम्ही म्हणाल, फोटोने काय बिघडतं? कोणी मरत तर नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा काढून बघा. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही. पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं हेसुद्धा आहे, आणि तसा प्रयत्न करणंही. म्हणजे कायद्याच्या भाषेत परवा आमच्या घरात शिकार झाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

शिवाय अप्पांच्या जंगलातलं सांबर बिथरलं तर पुढच्या डोंगरात जायचं. आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड, वर ठाणं. भर उन्हाळ्यात पाणी मोजक्या जागी. तिथून हुसकावलेली मादी तहानलेली राहणार, नाहीतर वस्तीच्या कडेला कुत्र्यांच्या तोंडी जाणार. झाडीत पिल्लू दडवलेलं असेल तर ते एकटं.

"आमचं जंगलावर प्रेम आहे" हे अप्पाही म्हणायचे, आणि खोटं नव्हतं. सांबर कुठे बसतं, कधी उठतं, हे त्यांच्याइतकं आम्हाला कोणालाच कळत नाही. पण ते सगळं ज्ञान शेवटी जवळ जाण्यासाठीच वापरलं गेलं. तेच आपण दूर राहण्यासाठी का वापरू नये? संध्याकाळी पाणवठा त्यांचा आहे, एवढं कळलं तरी पुरे.

असो. भाच्या, रागावू नकोस. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर प्राणिगणना करतं. पुढच्या खेपेला स्वयंसेवक घेतले तर आपण दोघं अर्ज करू. मचाण तेच, चांदणं तेच. रात्रभर गप्प बसायचं आणि जे येईल ते वहीत लिहायचं. नाही आलं तर नाही.

आणि मावशी, तोवर तो फोटो ग्रुपवरून काढायला सांग ना त्याला. तुझं ऐकेल तो.