चाळीनंतरचा शेजार

‘शाश्वत’ हा शब्द पूर्वी अध्यात्मात वावरत असे. अलीकडे तो नगररचनेच्या आराखड्यांत स्थिरावला आहे. पावसाच्या पाण्याची साठवण, सौरऊर्जा, झाडांची संख्या यांवर तेथे वस्तीची शाश्वतता मोजली जाते, आणि ती मोजलीही पाहिजे. परंतु वस्ती टिकते म्हणजे नेमके काय टिकते, हा प्रश्न आम्हां साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे.

मुंबईतील बी.डी.डी. चाळींचे उदाहरण घेऊ. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांची एकेक खोली, खोल्यांच्या दोन रांगांमधून जाणारा लांब पॅसेज आणि मजल्यामजल्यावर सामाईक शौचालये. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतःचे शौचालय असणे ही माणसाच्या प्रतिष्ठेची बाब आहे. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) वाचत वाढलेल्या आम्ही त्यावर हळवे उसासे टाकणे शोभणारे नाही. शिवाय याच वरळीच्या चाळींनी जानेवारी १९७४मधील दंगल पाहिली आहे. भिंतीला भिंत लागून असली म्हणजे जात विरघळते, असे नाही.

तरीही त्या पॅसेजमध्ये मुले खेळली, आजाऱ्याची विचारपूस झाली, कामाची खबर मिळाली. ही सोय कोणी आखली नव्हती. ती टंचाईतून निपजली. टंचाई गेली की सोयही जाणार. म्हणून ती आता जाणीवपूर्वक आखावी लागेल.

हे अशक्य नाही. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिआ यांनी १९८०च्या दशकात सात-सात घरे एकेका छोट्या अंगणाभोवती रचली आणि अशा तीन गटांना मिळून आणखी एक मोठे अंगण दिले. घर, अंगण, मोठे अंगण अशी ही चढती मांडणी आहे. वरळीच्या दाटीत अशी बैठी घरे मावणार नाहीत, हे खरे. पण तो क्रम उंच इमारतीतही पाळता येईल. दर काही मजल्यांवर एखादा मोकळा, सामाईक ओटा असावा आणि त्याला कुलूप नसावे.

चटईक्षेत्राच्या हिशेबात अशा ओट्याला घराइतकेच आवश्यक मानले जाईल, तेव्हाच ‘शाश्वत’ हा शब्द आम्हांला अर्थपूर्ण वाटेल.