चष्मा सुटला, पण किती वर्षांसाठी?

१/ चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेचे यश बहुधा दुसऱ्या दिवशीच्या स्वच्छ दृष्टीवरून ठरवले जाते. इतिहास पाहता हे माप अपुरे आहे.

२/ लेसरच्या कितीतरी आधी जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी कॉर्नियाला आतून व बाहेरून छेद देऊन नंबर उतरवला. १९५० च्या दशकात रुग्ण समाधानी होते. परंतु आतल्या छेदांनी नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. पुढे दहा-वीस वर्षांनी अनेकांचा कॉर्निया सुजून धूसर झाला.

३/ मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात केवळ बाहेरून छेद देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेतील पाहणीत दहा वर्षांनंतर ४३ टक्के डोळ्यांचा नंबर किमान एक डायॉप्टरने अधिककडे सरकलेला आढळला.

४/ लेसर अधिक अचूक आहे. बहुतेकांचा चष्मा सुटतो. तरीही डोळ्यांचा कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये, क्वचित कमकुवत झालेला कॉर्निया पुढे फुगणे, हे धोके उरतातच. शेवटचा तर काही वर्षांनीही उद्भवतो.

५/ म्हणूनच कॉर्नियाची जाडी व आकार तपासून प्रसंगी शस्त्रक्रियेस नकार देणारा डॉक्टर अधिक विश्वासार्ह मानावा. सातोंच्या काळी रुग्णांना भविष्य ठाऊक नव्हते. आज ती सबब उरलेली नाही.